उघडलेली खुर्ची

दादाने नव्या खुर्च्या आणल्या त्या रविवारी घरात जो तो उभाच होता.

खुर्च्या काही वाईट नव्हत्या. पाच पांढऱ्या खुर्च्या, पाठीवर सोनेरी रेघ, बैठकीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. पण तीन पिढ्या खुर्च्या बनवून विकणाऱ्या या घरात विकतची खुर्ची येत होती ती पहिल्यांदाच. खरं सांगायचं तर स्वतःची म्हणावी अशी खुर्चीच पहिल्यांदा येत होती. आजोबांचा नियम होता, की शेडमध्ये तयार झालेली खुर्ची आधी घरच्या टेबलाशी यायची. घरच्यांनी तिच्यावर बसून जेवायचं, मागच्या दोन पायांवर रेलून तिला झुलवायचं, आणि तिने तक्रार केली नाही तरच तिला गिऱ्हाइकाकडे धाडायचं. त्यामुळे आई या घरात आली तेव्हापासून लोकांच्याच खुर्च्यांवर जेवत आली होती. एखादी आवडायला लागली की ती निघून जायची.

मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, या कामातला मोठा अधिकारी. मामी गेल्यापासून तो इथेच राहत होता, आणि त्याच्या वजनाला टिकलेली खुर्ची कुठेही टिकते याबद्दल गिऱ्हाइकांमध्येही दुमत नव्हतं. पण आज दादाने त्यालाही बजावलं होतं, "मामा, रेलायचं नाही हं. महागाच्या आहेत."

"महागाच्या आहेत तर रेलून का बघायचं नाही?" मामाने विचारलं होतं.

जेवणाला अजून सुरुवात झाली नव्हती, कारण धाकटी शेडमध्ये होती. दादाची ही एकुलती एक बहीण. लग्न केलं नाही, घर सोडलं नाही, आणि बाबा गेल्यापासून शेड एकटीने चालवली. वहिनी तिला बोलवायला गेली तेव्हा ती गुडघ्यावर बसून एका खुर्चीच्या पायावरून अंगठा फिरवत होती.

"चल. तुझा भाऊ टेबलावर बोटं आपटायला लागलाय."

"आपटू दे. टेबल आपलंच आहे, मजबूत आहे."

वहिनी हसली. मग तिचं लक्ष खुर्चीच्या बैठकीकडे गेलं आणि हसू गेलं. "ही उशी कुणी ठोकली?"

"मीच. दुसरं कोण आहे?"

"दिसतंय. कोपऱ्यात कापड गोळा झालंय बघ." वहिनीने वाकून कोपरा चिमटीत धरला आणि लगेच सोडून दिला. शेडमधल्या सगळ्या उश्या इतकी वर्षं तीच भरत होती. शेडमागची घरची लाकडाची वखार विकली गेली, पैसे आले, आणि दादा म्हणाला, आता कशाला बोटं टोचून घेतेस. तेव्हापासून तिची सुई डब्यात पडली होती. सुट्टी मिळाली म्हणून ती पहिला आठवडा खूश होती. नंतर तिने पडदे बदलले. त्यानंतर ते पडदे पुन्हा बदलले.

"झाली का ही?" तिने विचारलं.

"आज सकाळी झाली. अजून टेबलाशी आणली नाही." धाकटी उठली आणि तिने कपड्यांवरचा भुसा झटकला. "ही चौथी. ही साधली की सभागृहवाले साठ खुर्च्यांचं काम देतील."

या साठ खुर्च्यांचं वेड घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गावातल्या मोठ्या सभागृहात वाद्यवृंद बसतो. वादक वाजवताना पुढे झुकतो, मागे रेलतो, आणि नेमक्या हळू सुरांच्या वेळी खुर्ची करकरते. सभागृहाला आवाज न करणाऱ्या खुर्च्या हव्या होत्या. बाबांनी शेवटची वर्षं याच एका गोष्टीत घालवली होती. त्यांनी कितीतरी खुर्च्या केल्या आणि प्रत्येक खुर्ची कुठे ना कुठे बोललीच. ते गेले तेव्हा त्यांच्या हातात एक अर्धवट पाय होता, असं मामा सांगायचा. ते काही खरं नव्हतं, पण कुणी त्याला खोडून काढलं नाही.

"आत काय होणार आहे ते माहीत आहे ना तुला?" वहिनी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर आधी हात धुते."

---

टेबलाभोवती पाचही जण असे ताठ बसले होते की कुणाला वाटावं, फोटो काढायचाय. मामा तर पुढच्या कडेवर टेकला होता आणि अर्धं वजन त्याने स्वतःच्या पायांवर घेतलं होतं. वहिनीने सूप वाढलं, पाव पुढे सरकवला आणि नवऱ्याच्या शेजारी बसली. आज त्याच्या बाजूने बोलायचं असं सकाळी ठरलं होतं.

"हे बघा," दादाने सुरुवात केली, "हॉस्पिटलचा माणूस आज दुपारी फोन करणार आहे. वखार त्यांनी घेतली, तिथे त्यांच्या गाड्या लागतील. आता त्यांना शेड आणि हे घरही हवंय. वखारीला दिले त्याच्या कितीतरी पट देतायत. आपल्याला हो म्हणायचंय, बस."

"आणि राहायचं कुठे?" आईने विचारलं.

"मी बघून ठेवलंय. नवीन इमारत आहे, लिफ्ट आहे. मामाचे गुडघे सुटतील एकदाचे. तुला बाल्कनी. हिला मोठं स्वयंपाकघर."

"लिफ्टचं मात्र खरं आहे," मामा म्हणाला. मग धाकटीकडे बघून त्याने घाईघाईने पावाचा घास घेतला.

"आणि मला?" धाकटीने विचारलं.

"तुला काय, तुला सगळंच! हवं ते कर. फिरून ये. आयुष्यभर भुशात बसलीस, आता जरा बस निवांत."

"निवांत बसून काय करू?"

"म्हणजे काय? लोक काय करतात?"

"तू काय करतोस?"

हा प्रश्न तिने काही टोचायला विचारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण वहिनीला तो फार लागला. कारण उत्तर तिला ठाऊक होतं. गाड्यांच्या शोरूममधली नोकरी सोडल्यापासून दादा सकाळी उठून एकच बातमी तीनदा वाचायचा. मग बाजारात जाऊन काहीतरी आणायचा. मोठा टीव्ही आला, त्याला शोभेल असा सोफा आला, आता या खुर्च्या आल्या. वस्तू घरात येईपर्यंत तो उत्साहात असायचा. ती आली की संध्याकाळी खिडकीशी जाऊन उभा राहायचा.

"मी पुढचा विचार करतोय," दादा म्हणाला. "कुणीतरी करायला हवा ना. तू बाबांसारखीच एक हेका धरून बसलीस. न बोलणारी खुर्ची! कुणाला पडलंय गं त्याचं? लोक गाणं ऐकायला जातात, खुर्ची ऐकायला नाही."

"वादकाला पडलंय."

"तो टाळ्या घेऊन घरी जातो!"

"मला पडलंय," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण चमचा तिने खाली ठेवला. "दादा, वखार विकलीत तेव्हा मी अडवलं नाही. पैसे आले, बरं झालं. छप्पर गळत होतं ते नीट झालं, मामाचे दात झाले. मी पैशांना नावं ठेवत नाहीये. पण सकाळी डोळा उघडला की मला कळतं आज काय करायचंय. ते मला कुणी विकत देणार आहे का? दिलंच तर मी घेईन. सांग त्या माणसाला."

"आई, बघ ही कशी बोलते."

"ऐकतेय मी," आई म्हणाली. घर तिच्या नावावर होतं, त्यामुळे सगळे शेवटी तिच्याकडेच बघायचे आणि ती कुणाकडेच बघायची नाही.

दादा वहिनीकडे वळला. "तू तरी सांग हिला."

वहिनीने तोंड उघडलं. मोठ्या स्वयंपाकघराबद्दल बोलायचं ठरलं होतं. तिने ते स्वयंपाकघर पाहिलंही होतं, छान होतं. पण डोळ्यांसमोर येत होता तो उशीचा चुरगळलेला कोपरा. कापड आधी ओलं करून ताणलं असतं तर कधीच गोळा झालं नसतं.

"अहो," ती म्हणाली, "तिच्या खुर्चीची उशी बिघडलीय. मला वाटतं, ती मी पुन्हा भरावी."

"उशीचं काय मध्येच?"

"मध्येच नाही. मला पण कंटाळा आलाय. दोनदा पडदे बदलले मी. तिसऱ्यांदा बदलले तर वेड्यात काढतील मला."

मामाला ठसका लागला. तो हसत होता की घास अडकला होता, ते कळलं नाही.

---

सगळे आपल्यावर उलटले असं दादाला वाटलं. आपण ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली त्यांना एक साधी गोष्ट समजत नाही, याचा त्याला मनापासून राग आला. आणि राग आला की तो लहानपणापासून जे करायचा तेच त्याने आत्ताही केलं. दोन्ही हात डोक्यामागे बांधले, पाय टेबलाच्या आडव्या दांड्याला लावले आणि मागच्या दोन पायांवर रेलून खुर्ची झुलवली.

"मी एकदाच सांगतो..." असं म्हणेपर्यंत खालून कडाड आवाज आला आणि दादा टेबलाआड गेला.

सगळ्यांत आधी आई हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग मामाने आपलं सगळं वजन खुर्चीवर सोडलं, काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. वहिनी "लागलं का हो?" असं विचारत होती, पण ते शब्द हसण्यातून बाहेरच पडेनात.

दादा जमिनीवर बसूनच राहिला. तुटलेला पाय त्याच्या हातात होता. त्याने तो उजेडाकडे धरला आणि तुटलेला सांधा बघितला. "खुंट्या," तो म्हणाला. "नुसत्या दोन खुंट्या ठोकल्यात. आत कुसूच नाही."

खुर्चीच्या आडव्या लाकडाचं टोक कोरून पायाच्या खाचेत बसवतात, त्या टोकाला कुसू म्हणतात. हे त्या घरात शाळेत जायच्या आधी शिकवलं जायचं. दादाही शिकला होता. तो शब्द त्याने गेल्या वीस वर्षांत उच्चारला नव्हता.

"आता तू बसणार कशावर?" आईने विचारलं. "जा गं, शेडमधली आण."

धाकटी जागची हलली नाही. मग ती उठून उभी राहिली आणि दादाला म्हणाली, "आणते. पण एक ठरवून आणते. ही खुर्ची टेबलाशी अजून आलेली नाही. तू हिच्यावर बस आणि हवा तसा रेल. ती बोलली नाही तर शेड राहील. बोलली तर मी सगळ्याला तयार आहे. पुन्हा एक शब्द काढणार नाही."

"धाकटे, असली पैज लावू नये," मामा म्हणाला.

"पैज नाही, मामा. मला खात्री आहे."

तिला खात्री होती. ती शेडमधून खुर्ची उचलून घेऊन आली.

साधी खुर्ची होती, रंग न दिलेली. दादा तिच्यावर बसला. त्याच्या पाठीला ती बरोबर जिथे टेकायला हवी तिथे टेकली. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. नवी खुर्ची पहिल्यांदा झुलवताना कुणी बोलायचं नाही, हासुद्धा आजोबांचाच नियम. आईने बाजूला जाऊन नळ घट्ट बंद केला.

दादा मागे रेलला. खुर्ची गप्प होती. त्याने पुढे येऊन उजवीकडे वजन टाकलं. गप्प. डावीकडे टाकलं.

वहिनीच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. मामाने टेबलावर हलकेच थाप मारली. "काही नाही! अगदी काही नाही! शाब्बास गं!"

पण दादाला ऐकू आलं होतं. डाव्या बाजूला मागे, नखाने कागद खरवडावा तेवढंच. त्याने मान वर केली. धाकटी त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा उतरला होता. तिलाही ऐकू आलं होतं. दुसऱ्या कुणालाच नाही.

आता काही न बोलता बसलो तर काय होईल, असा विचार दादाच्या मनात आला. मग लक्षात आलं, की बोललो तर आपण जिंकतो. हवं होतं ते सगळं मिळतं. लिफ्ट, बाल्कनी, सगळं. त्याने वाट पाहिली, पण आनंद काही झाला नाही. झाली ती नुसती चीड. आवाज कुठून येतो ते त्याला कळलं होतं, आणि तो तसाच राहून जाणार याची चीड.

"बोलली," धाकटीच आधी म्हणाली.

"काहीतरीच! कुठे बोलली?" मामा म्हणाला.

"बोलली, मामा. डावीकडे." ती खाली बसली. काही क्षण तिने तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मग हात काढून म्हणाली, "ठीक आहे. शब्द दिला तो दिला. शेड देऊन टाका. पण दादा, खुर्ची मी करणारच. तुझ्या त्या नव्या इमारतीत करीन. बाल्कनीत करीन, लिफ्टमध्ये करीन. पाचवी करीन, सहावी करीन. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर तू त्यांना..."

ती थांबली, कारण दादा ऐकत नव्हता. त्याने उठून खुर्ची उलटी केली होती आणि तो खाली बसून सांध्याला कान लावत होता.

---

आईने हा माणूस आधी पाहिला होता. तो असाच बसायचा, जेवण निवत असताना, कान लाकडाला लावून. तेव्हा तो दादाचा बाप होता.

"कुसू लांब झालंय," दादा म्हणाला. "खाचेच्या तळाला टेकतंय, म्हणून आडव्या लाकडाचा खांदा बाहेरून पायाला नीट भिडत नाही. केसभर फट राहते आणि ती घासते."

"लांब ठेवलं की धरून राहतं," धाकटी म्हणाली. "बाबा नेहमी..."

"बाबा नेहमी तेच करायचे! मी त्यांना सांगितलं होतं. याच टेबलाशी सांगितलं होतं. कापा थोडं, म्हटलं, जरा मोकळं राहू दे. तर म्हणाले, तू मला शिकवणार? घरातल्या प्रत्येकाला असंच वाटतं, की जरा जास्त घातलं की मजबूत होतं." त्याने खुर्ची थोडी वळवली. "मग मी गाड्या विकायला गेलो."

त्या भांडणानंतर बाप आणि मुलगा लाकडाबद्दल परत कधी बोलले नव्हते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आईला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला आणि त्याची फार आठवणही आली. दोन्ही एकदमच.

धाकटी भावाजवळ जमिनीवर येऊन बसली. तिने फटीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. "खरंच रे," ती म्हणाली. "चारही वेळा मी हेच केलं."

"उघडायला लागेल."

"सरस कालच भरलाय. वाफेने सुटेल."

वहिनी कधीच उठली होती. किटलीत पाणी ठेवून ती सुईचा डबा शोधत होती. "उशी काढाच आधी," तिने स्वयंपाकघरातूनच सांगितलं. "वाफेने कापड खराब होईल. आणि माझ्याशिवाय कुणी हात लावू नका तिला."

मामा शेडमधून पटाशी आणि लाकडी हातोडा घेऊन आला. इतक्या लगबगीने तो बऱ्याच दिवसांत चालला नव्हता. दादाने मनगटावरचं नवं घड्याळ काढलं, ठेवायला जागा दिसेना म्हणून पावाच्या टोपलीत टाकलं, आणि बाह्या वर केल्या. पहिल्या वाफेला काही झालं नाही. दुसऱ्या वाफेला धाकटीने हातोड्याचा हलका ठोका दिला आणि सांधा हळूच सुटला. ओल्या सरसाचा वास खोलीभर झाला.

नेमका तेव्हाच फोन वाजला.

दादाचे दोन्ही हात चिकट झालेले. आईने फोन उचलून त्याच्या कानाशी धरला. हॉस्पिटलचा माणूस फार गोड बोलत होता, आणि ते आईलाही ऐकू येत होतं. सगळं तयार आहे, म्हणाला. आईसाहेबांचा होकार तेवढा कळवा. आता पाच मिनिटं बोलता येईल का?

दादाने आईकडे पाहिलं. आईने फोन फक्त जरा घट्ट धरला.

"आत्ता नाही जमणार," दादा म्हणाला. "खुर्ची उघडली आहे."

पलीकडच्या माणसाला याचा काही बोध झाला नाही. पण या घरात खुर्ची एकदा उघडली, की ती पुन्हा जोडून होईपर्यंत दुसरं काम हातात घ्यायचं नाही. याच कारणाने आईचा नवरा स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता, आणि आईने त्याला त्याबद्दल अजूनही पुरतं माफ केलं नव्हतं.

"हरकत नाही, हरकत नाही," माणूस म्हणाला. "किती वेळ लागेल साधारण?"

दादाने कुसू उजेडाकडे धरलं, डोळा बारीक करून बघितलं आणि बहिणीपुढे केलं. तिने अंगठ्याच्या नखाने एक खूण केली. त्याने ती खूण पाहिली आणि जरा अलीकडे दुसरी केली. धाकटीने मान डोलावली.

"वेळ लागेल हो," तो फोनमध्ये म्हणाला. "ही झाली की अजून साठ आहेत."

आईने फोन बंद केला. मग तिने दादाच्या उरलेल्या पांढऱ्या खुर्च्यांपैकी एक ओढली, तिच्यावर टेकली, आणि सूप गार झालेलं असूनही तसंच प्यायला लागली. समोर तिची दोन्ही मुलं जमिनीवर बसून भांडत होती, कापायचं किती यावरून.